गालातला राजा

“दाणा दाताला लागला की थुंकायचा गं, गिळायचा नाही. गिळलास तर वर्षभर पोटात राजा बसतो, आणि राजा एकदा बसला की उठत नाही…” ओझीन आत्याचा आवाज साठ वर्षांपूर्वीचा, तंबाखूनं खरखरीत झालेला. दाणा मात्र आत्ताचा—डाव्या दाढेखाली, कडक, गुळगुळीत, केकच्या लोण्यानं किंचित निसरडा. मेल्बा पेलिसेनं जिभेच्या टोकानं तो चाचपून पाहिला. एका बाजूला बारीकशी खाच, जिथून तो शेंगेला धरून होता. घेवड्याचाच दाणा. शंकेला जागाच नाही. सेंट ओदीलच्या चर्चच्या सभागृहात, एकशे बारा माणसांत, वर्ना बूशेनं भाजलेल्या सात केकांच्या एकशे बारा तुकड्यांत, तीन राजांच्या सणाला, भर दुपारी, राजा नेमका तिच्या तोंडात येऊन बसला होता.

तिनं तो थुंकला नाही. गिळलाही नाही. डाव्या गालात सरकवला आणि तोंड मिटून घेतलं.

चाळीस वर्षं हा दाणा तिला हवा होता. दर सहा जानेवारीला ती केकचा तुकडा काट्यानं नाही, हातानं खायची, म्हणजे बोटांना आधी कळेल. आणि दर वर्षी तो जायचा दुसऱ्याच कुणाच्या ताटात, जो उभा राहून कागदी मुकुट धड बसवूनही घेऊ शकत नाही आणि वंशावळ सांगताना तिसऱ्या पिढीला अडखळतो. कारण सेंट ओदीलची रीतच तशी. दाणा ज्याला मिळेल तो त्या दिवसाचा राजा; त्यानं उभं राहायचं, मुकुट घालायचा, आणि स्वतःपासून सुरुवात करून मागे मागे जायचं—मी अमुक, तमक्याचा मुलगा, तो ढमक्याचा—थेट त्या माणसापर्यंत, जो पहिल्यांदा ह्या नदीवरून होडीतून आला आणि ह्या चिखलात उतरला. प्रत्येक नावाला सगळ्यांनी चमचे टेबलावर आपटायचे. लोक अडखळले की मेल्बा त्यांना बसल्या जागेवरून नाव पुरवायची. अख्ख्या गावाचे पणजोबा तिला पाठ होते. टपालखात्यात सदतीस वर्षं काढलेल्या बाईला पत्ते पाठ असायचेच—जिवंत माणसांचे काय, मेलेल्यांचे काय. आणि इतकी वर्षं मनातल्या मनात ती स्वतःची यादी घोळवत होती, घाटदार, शेवटाला नीट चढत जाणारी: …आणि तो लेफ्टनंट पेलिसे यांचा, जे फ्रान्सच्या राजाच्या सैन्यात अधिकारी होते. त्यावर चमचे. खूप चमचे.

आणि मिळाला तो ह्या वर्षी. तीन आठवड्यांपूर्वी ते पाकीट आलं नसतं तर… पाकीट मांडीवरच्या पर्समध्ये होतं. घरी ठेवायला हवं होतं. पण घरी ठेवलं की ते घरभर फिरतं, असा तिचा तीन आठवड्यांचा अनुभव होता: स्वयंपाकघरात ठेवलं तर झोपायच्या खोलीत आठवतं, झोपायच्या खोलीत ठेवलं तर आंघोळीला. पर्समध्ये निदान एका जागी असतं.

“काय गं, पोस्टमास्तरीणबाई, गप्पशी?” डावीकडून एल्मो ग्राव्हेल म्हणाला.

ती हुंकारली. हुंकार गालातल्या दाण्यावरून घरंगळत आला आणि जरा घोगरा निघाला; पण एल्मोला फरक पडणार नव्हता, कारण तिच्या बाजूचा त्याचा उजवा कान ट्रॅक्टरच्या आवाजानं कधीच खाल्ला होता. दर वर्षी तो तिच्या ह्याच बाजूला बसायचा. ह्या कानाला तुझ्यामुळे विश्रांती मिळते, असं एकदा म्हणाला होता, आणि ते कौतुक होतं की टोमणा, हे तिला सहा वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

समोरच्या भिंतीवर तो फळा. तिनंच रंगवलेला, निळ्यावर सोनेरी: सेंट ओदीलची पहिली घराणी. सगळ्यात वर पेलिसे, लेफ्टनंट—ते काही घमेंडीनं नव्हे, तारखेच्या क्रमानं. आणि तिसऱ्या ओळीत ग्राव्हेल, सुतार. सुतारापुढे तिनं काही लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. पुढचं गावाला तोंडपाठ होतं.

*ग्राव्हेलांचं कुंपण, सशाएवढं भोक,*
*डुक्कर गेलं जेवायला, उपाशी सारे लोक.*

हे तिनं रचलं नव्हतं. शाळेच्या पोरांनी रचलं होतं. तिनं फक्त पुस्तक लिहिलं होतं, देशाच्या दोनशेव्या वाढदिवसाच्या वर्षी, १९७६ साली, जेव्हा देशातल्या प्रत्येक गावाला अचानक आपण कोण हे आठवायचं होतं. सेंट ओदीलला आठवायला सोपं गेलं, कारण इथं अजून ते शेत आहे—नदीपासून टेकडीपर्यंत एकच मोठं सामाईक शेत, त्याच्या लांब लांब अरुंद पट्ट्या, प्रत्येक पट्टी एका घराची, आणि सगळ्याभोवती मिळून एक कुंपण. आपल्या पट्टीच्या टोकाचं कुंपण ज्याचं त्यानं राखायचं. एकाचं मोडलं की सगळ्यांचं पीक जातं. म्हणून तर फेब्रुवारीतल्या एका रविवारी चर्चच्या दारात पंच उभा राहून अजूनही वाचून दाखवतो, कुणाचं कुंपण ढिलं आहे, आणि ज्याचं नाव निघेल त्याची मान खाली जाते. दोनशे वर्षांपूर्वीही जायची. बायकोनं मारलं तरी चालेल, पण चर्चच्या दारात नाव नको, असं तिचे बाबा म्हणायचे.

तर १७५९ सालच्या एका तक्रारीची नक्कल तेव्हा तिला मिळाली होती. एकच पान. गावातल्या रहिवाशांनी मिळून केलेली: नीकोला नामक इसमाच्या कुंपणातून डुकरं शिरली आणि अख्ख्या गावाचा मका खाऊन गेली… आणि नीकोलाचं आडनाव येणार तेवढ्यात पान संपलं. दुसरं पान नव्हतं. गावात त्या वेळी नीकोला एकच सापडत होता—नीकोला ग्राव्हेल, सुतार. टपाल कचेरीच्या टाइपरायटरवर, जेवणाच्या सुट्टीत, सँडविच डाव्या हातात धरून तिनं टाइप केलं: हा नीकोला म्हणजे बहुधा नीकोला ग्राव्हेल. मग तिनं त्या ‘बहुधा’कडे पाहिलं. वाक्य लंगडत होतं त्यामुळे. सुताराचंच कुंपण मोडकं, ही गंमत त्या एका शब्दानं मऊ पडत होती… तिनं खोडायच्या पांढऱ्या रंगाचा ब्रश फिरवला. फुंकर मारली. वाळलं.

ह्याचा १९४६ सालच्या सणाच्या नाचाशी काही संबंध नव्हता. त्या वर्षी दाणा एल्मोला मिळाला होता, एकवीस वर्षांची मेल्बा निळा फ्रॉक घालून खांबापाशी उभी होती, आणि राजानं राणी निवडायची तेव्हा तो सभागृह ओलांडून तिच्या दिशेनं आला, आला, आणि तिच्यावरून पुढं जाऊन लोरेनपाशी थांबला. तीस वर्षांपूर्वीच्या नाचाचा आणि इतिहासलेखनाचा काय संबंध. काहीही नाही.

थोडा होता.

“सगळ्यांचे तुकडे खाऊन झाले का?” वर्ना बूशे पुढं येऊन उभी राहिली होती, हातात सोनेरी कागदाचा मुकुट, गाल भट्टीच्या आचेनं अजून लाल. “मग राजा कोण?”

टेबलाटेबलांवर माना वळल्या. कुणी आपलं ताट तिरकं करून पाहिलं, कुणी शेजाऱ्याचं. मेल्बानंही आपलं ताट तिरकं करून पाहिलं, आणि स्वतःच्या ह्या निर्लज्जपणाचं तिला एवढं नवल वाटलं की दाणा क्षणभर जिभेवर आला आणि तिनं तो घाईनं परत गालात ढकलला. शेजारून फादर लिओ जात होते, ते वाकले. दाढ दुखते का, मेल्बा, असं त्यांनी हळूच विचारलं, आणि तिनं मान हलवली, जी होही होती आणि नाहीही. तेव्हा खिशातून लवंग काढून त्यांनी तिच्या बशीत ठेवली. आता चर्चच्या माणसाशीही खोटं बोलून झालं होतं, आणि तेही तोंड न उघडता.

राजा सापडेना. मग सुरू झाला गोंधळ. मागच्या वर्षी चुकून दाणा गिळलेला हार्लन मात्र आता फार कडक झाला होता. सगळ्यांनी तोंडं उघडून दाखवावीत अशी त्यानं सूचना केली, आणि एकशे बारातल्या निदान साठ जणांच्या दातांच्या कवळ्या लक्षात घेऊन ती मागे घेण्यात आली. कुणी म्हणालं, पोरांनी लपवला. कुणी म्हणालं, वर्ना टाकायलाच विसरली असेल, तिची आई एकदा मीठ विसरली होती. आणि वर्ना, जी पहाटे चारपासून भट्टीपुढे उभी होती, ती शपथेवर सांगू लागली की दाणा तिनं स्वतःच्या हातानं पिठात खोचला, तिसऱ्या केकमध्ये, आणि सांगताना तिचा आवाज चिरकला. मेल्बानं पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. पाणी प्यायला तोंड उघडावं लागतं.

उठ. उठ आणि थुंक. मुकुट घाल आणि म्हण, लेफ्टनंट पेलिसे. कुणाला कळणार आहे? पाकीट माझ्या पर्समध्ये आहे, दुसरं कुणी कागदपत्रांच्या कचेरीच्या त्या तळघराकडे पुढची दोनशे वर्षं बघणार नाही. पण वंशावळ म्हणजे काही टपालाचा शिक्का नव्हे की मारला आणि झालं. ती उभं राहून, मोठ्यानं, नावागणिक चमच्यांच्या साक्षीनं म्हणायची असते, आणि दुसऱ्यांच्या वंशावळीतली चूक बसल्या जागेवरून सुधारणारी मीच की ती…

दुसरं पान सापडलं होतं. दुसऱ्याच कुठल्या खटल्याच्या गठ्ठ्यात शिवलेलं, असं कागदपत्रांच्या कचेरीतून कळवलं होतं, आणि आपल्याला ह्यात रस असेल असं वाटून सोबत प्रत पाठवत आहोत. रस! मेल्बानं ते उभ्यानं वाचलं होतं, मग बसून, मग पुन्हा उभं राहून. …नीकोला, जो लेफ्टनंट पेलिसे यांचा कपडे धुणारा नोकर म्हणून त्यांच्या होडीतून आल्यामुळे पेलिसे या नावानं ओळखला जातो. लेफ्टनंटसाहेब स्वतः अविवाहित, आदल्या वसंतातच नदीनं खाली परत गेलेले. नोकर मागे राहिला, नाव मागे राहिलं. त्याच्या पोराचं नावही होतं खाली—बातिस्त, वय पाच. तिच्या पाठ यादीतला शेवटून दुसरा. लेफ्टनंटचा म्हणून तिनं पुस्तकात आणि फळ्यावर मिरवलेला.

नदीवर पेलिसे नावाचा एकच माणूस असणार, असं तिनं धरून चाललं होतं. एका नावामागे एक मालक आणि एक धुणी धुणारा असू शकतो, हे एवढी वर्षं पत्रं वाटणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि त्याखाली ती बाई. नीकोलाची बायको, मारी, इलिनॉय ह्या इथल्या मूळ जमातीची, दुभाष्याकरवी बोललेली. तिला विचारलं गेलं, तुला काय म्हणायचं आहे. कारकुनानं चार ओळींत उतरवून घेतलं होतं. मेल्बाला फ्रेंच येत होतं, गावचं जुनं, घरात बोलून बोलून पायऱ्यांसारखं झिजलेलं, तरी तिनं दोनदा कोश उघडून पाहिला होता, कारण पहिल्यांदा वाचताना तिला हसू आलं आणि त्या हसण्याचा भरवसा वाटेना. डुकरीण माझी, मारी म्हणाली होती. कुंपण ह्याचं. पूर नदीचा. कोणाकोणाला दंड करणार आहात?

कोणाकोणाला… तीन आठवडे मेल्बा लेफ्टनंटच्या सुतकात होती. पण त्या सुतकात मधेच, दात घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना हे वाक्य यायचं आणि तिला फसकन हसू फुटायचं. लेफ्टनंट चाळीस वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो आपला फळ्यावर उभा असायचा, गुंड्या लावून. ही मात्र आली ती बोलतच आली.

मग अडचण काय होती? लेफ्टनंट गेला तर गेला. गाव हसेल, महिनाभर हसेल, पोरं गाण्यात ग्राव्हेलच्या जागी पेलिसे घालतील. ठेक्यात बसतं ते, तिनं म्हणून पाहिलं होतं. पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींत चिठ्ठी चिकटवता येईल. ते सगळं जमलं असतं. ते कारण नव्हतंच—लवंगेकडे पाहता पाहता मेल्बाला हे एकदम स्वच्छ दिसलं, आणि तिनं नजर लवंगेवरून काढून डावीकडे नेली, टेबलावरच्या एल्मोच्या हातांकडे.

मोठे हात. तारेनं ओरखडलेले, एक ओरखडा दुसऱ्यावरून गेलेला, बोटांच्या पेरांना जुना डिंक बसल्यासारखा रंग. पुस्तक आलं त्या साली चर्चच्या दारात सगळे त्याला हसले तेव्हा तोही हसला होता. कणसं काही आता परत देता येत नाहीत, म्हणाला होता, पण कुंपण करून देतो—सुरुवात लेफ्टनंटसाहेबांच्या वारसापासून. लोकांना वाटलं, थट्टा. मेल्बालाही वाटलं. मार्चमधल्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता तो तारेचं भेंडोळं, पकड आणि लाल देवदाराचे खुंट घेऊन तिच्या पट्टीच्या टोकाशी उभा होता. नंतर दर मार्चला. पंधरा मार्च. दोन कप कॉफी तो मागायचा, तिसऱ्याला नको म्हणायचा आणि प्यायचा. काम करता करता गुणगुणायचा, त्याच्या आजीचं, खुंट ठोकायच्या ठेक्यातलं—

*खुंटाशेजारी खुंट, खुंटाला वेल बांधा,*
*शेजाऱ्याचं भोक आधी, मग आपलं सांधा.*

पहिली काही वर्षं तो दुपारपर्यंत आटोपायचा. मग त्याची बायको लोरेन गेली, आठ वर्षांपूर्वी. त्या मार्चला त्याला संध्याकाळ झाली. त्याच्या पुढच्या वर्षी दोन दिवस लागले. गेल्या वर्षी तीन. कुंपण एकशे नव्वद फूट. मेल्बानं हिशेब केला होता—तिसऱ्या दिवशी तो एकाच खुंटापाशी सकाळचे दोन तास होता, तिनं खिडकीतून पाहिलं होतं, खुंट उपटला, पाहिला, पुन्हा त्याच भोकात ठोकला. तिनं काही विचारलं नाही. माणूस सत्तरीचा आहे, हळू होणारच, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि कॉफीचं मोठं भांडं विकत आणलं.

आणि हा सगळा मार्च उभा होता कशावर? खोडायच्या पांढऱ्या रंगावर. ग्राव्हेलांचा गुन्हा आहे म्हणून ग्राव्हेल येतो. गुन्हा त्यांचा नाही असं ठरलं तर कोणत्या तोंडानं यायचं त्यानं, आणि कोणत्या तोंडानं तिनं दार उघडायचं? दाण्याभोवती तोंडात पाणी सुटत होतं, आवंढा येत होता, आणि प्रत्येक आवंढ्याला राजा घशाच्या दिशेनं एक पाऊल टाकत होता. गिळ. गिळून टाक, मेल्बे. वर्षभर पोटात बसेल, बसू दे. वर्नाचं नाव जाईल—तिच्या आईचंही एकदा मिठावरून गेलंच होतं… मार्च तरी राहील…

“मी सांगू राजा कुठं गेला?” एल्मो उठून उभा राहिला. सभागृह आधीच हसायला लागलं. त्याचं उभं राहणं हेच विनोदाचं अर्धं असायचं. “उगाच त्या पोरीला छळताय. राजा पळाला. आणि पळाला कुठून, ते काय मी सांगायला पाहिजे? आमच्याच कुंपणातून.”

हशा. चमचे. मागच्या टेबलावरून पोरांनी ते गाणं धरलं, सशाएवढं भोक, आणि मोठ्यांनीही धरलं, आणि वर्नासुद्धा डोळे पुसता पुसता हसली, कारण आता दोष तिच्यावरून उतरून पुन्हा जिथल्या तिथं, ग्राव्हेलांच्या कुंपणापाशी गेला होता. एल्मोनं मुजरा केला. त्याची नात तिकडे कोपऱ्यात, वय वर्षं अकरा, ती मात्र गात नव्हती. ती ताटातल्या केकच्या चुऱ्याकडे पाहत होती, आणि चुरा बोटानं गोळा करून त्याची एक ओळ करत होती, आणि ओळ पूर्ण झाली की मोडत होती.

एल्मो बसला. बसताना त्यानं डावा हात गुडघ्यावर टेकला आणि एक लांब श्वास सोडला, जो विनोद करून दमलेल्या माणसाचा असतो. पंधरा वर्षं हा श्वास ती ऐकत आली असणार. ऐकू मात्र आला तो आज.

डुकरीण माझी. कुंपण ह्याचं. मारी कुठं उभी राहिली असेल? त्यांच्या चर्चच्या दारातच बहुधा, चिखलात, कडेवर बातिस्त, भोवती ज्यांचा मका गेला ते सगळे. भाषा दुसऱ्याची, दुभाषा दुसऱ्याचा. तिला गप्प बसता आलं असतं. सोपं होतं. परक्या बाईनं गप्प बसलं की लोकांना बरंच वाटतं. आणि ती म्हणाली, माझी…

मेल्बानं दाणा गालातून जिभेवर घेतला, जिभेवरून रुमालात. इतकं सोपं होतं ते. मग ती एल्मोच्या बाजूला वाकली आणि हळूच, फक्त त्याच्यापुरतं, म्हणाली की ते कुंपण तुमचं नव्हतं, एल्मो, माझी चूक झाली, आमचं होतं.

एल्मोनं मिठाची बाटली उचलली आणि प्रेमानं तिच्यापुढे ठेवली.

ती बाटलीकडे पाहत राहिली. उजवा कान. आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य तिनं ट्रॅक्टरनं खाल्लेल्या कानात टाकलं होतं, आणि मोबदल्यात मीठ आलं होतं. आत कुठंतरी, लेफ्टनंटच्या रिकाम्या जागी, फसकन कुणीतरी हसलं. मग मेल्बा पेलिसे खुर्ची मागे सारून उभी राहिली, आणि रुमालातला दाणा दोन बोटांत धरून वर केला, सगळ्यांना दिसेल असा. ओला होता. चमकत होता.

वर्ना धावत आली आणि तिनं मुकुट मेल्बाच्या डोक्यावर ठेवला, जो कानांवर घसरला, आणि मेल्बानं तो सारखा केला नाही. हार्लन काहीतरी पुटपुटला, एवढा वेळ कुठं ठेवला होता म्हणून. फादर लिओंनी आपल्या लवंगेकडे पाहिलं.

“मी मेल्बा,” ती म्हणाली, “क्लोव्हिसची मुलगी.”

चमचे.

“क्लोव्हिस ज्यूलचा. ज्यूल थियोफीलचा.”

चमचे, चमचे. ही यादी तर गावाला माहीतच होती. काहींचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. थियोफील आंत्वानचा. आंत्वान बातिस्तचा. तिचा आवाज तिला स्वतःला वेगळा वाटत होता, गालात काही नसल्यानं मोकळा, जरासा पोकळ, लहान मुलीच्या पडलेल्या दाताच्या फटीसारखा. जिभेला दाण्याची जागा अजून लागत होती. बातिस्तनंतर ती थांबली. चमचे हवेत थांबले—आता लेफ्टनंट येणार होता, सगळ्यात मोठ्यानं आपटायचं ते ह्याच नावाला.

“बातिस्त मारीचा. मारी इलिनॉयची, तिची एक डुकरीण होती. आणि बातिस्त नीकोलाचा. नीकोला लेफ्टनंटचा नोकर होता, त्याचे कपडे धुवायचा. कागद माझ्या पर्समध्ये आहे, ज्याला बघायचा त्यानं बघा.”

एकही चमचा पडला नाही. कुठंतरी एक खुर्ची करकरली. एल्मो आता तिच्याकडे पाहत होता, मान पूर्ण वळवून, म्हणजे त्याचा डावा, चांगला कान तिच्याकडे आला होता. आणि मागे कोपऱ्यात त्याच्या नातीचं बोट केकच्या चुऱ्यावर थांबलं होतं. मेल्बाला चिखलात उभं राहिल्यासारखं वाटत होतं, घट्ट.

“कुंपण त्याचं मोडलं होतं,” ती म्हणाली. “तुमच्या नीकोलाचं नाही, एल्मो, आमच्या. मी पुस्तकात ‘बहुधा’ लिहिलं होतं आणि खोडलं. आता बहुधा नाही. नक्की.”

तिनं बसायला हवं होतं. वंशावळ संपली होती. रीतीप्रमाणे आता मुकुट काढून ठेवायचा असतो. पण तोंड उघडं होतं आणि त्यात आता काहीच उरलं नव्हतं, दाणा नाही, लेफ्टनंट नाही, फक्त ते एक होतं, जे पर्समध्येही नव्हतं, आणि एकशे बारा माणसांपुढे, चांगल्या कानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, ते बाहेर आलं.

“आणि तरीही मार्चमध्ये ये.”